मांडव हिरवागार, पण खाली खोडं किती?

‘स्टेम सेल’, म्हणजे शरीराला नव्या पेशी पुरवत राहणारी मूळ पेशी, हा शब्द हल्ली दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे बाळंतपणाच्या फाईलमध्ये कुणीतरी सरकवून दिलेलं गुळगुळीत माहितीपत्रक: बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, आयुष्यभराचा विमा. दुसरं, गुडघे धरलेल्या माणसाचं व्हॉट्सॲप: ऑपरेशन टाळा, स्वतःच्याच पेशींनी गुडघा पुन्हा तरुण करा. दोन्हींमागचा हिशेब एकच. तरुणपणी या पेशी मुबलक असतात, वय झालं की संपतात. म्हणून आधी साठवून ठेवा, नाहीतर नंतर टोचून घ्या. टाकी रिकामी झाली की टँकर मागवायचा, इतकं सोपं.

शरीरात प्रकरण असं टाकी-टँकरचं नाही. काही ठिकाणी या पेशी खरोखरच कमी होतात. पण पुष्कळ ठिकाणी त्या संपायच्या कितीतरी आधी बिघडतात, अडकतात किंवा झोपी जातात, आणि त्यात दोष त्यांचा कमी, त्यांच्या शेजारपाजाराचा जास्त असतो. द्राक्षबाग जवळून पाहिलेल्या नाशिककराला हे समजायला जड जाऊ नये.

## खोड आणि काडी

दिंडोरी-निफाडकडची कुठलीही बाग घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीत जुन्या काड्या ओलांड्यापाशी, म्हणजे मांडवावरच्या आडव्या कायम फांदीपाशी, एखाद-दुसरा डोळा (कोंब फुटायची जागा) ठेवून कापून टाकतात. त्यातून नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत घड धरतो, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि पुढे माल निघतो. काड्या येतात, काम करतात, जातात. खोड आणि ओलांडा मात्र वर्षानुवर्षं तेच.

आपल्या बहुतेक पेशी या काड्या आहेत. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आतड्याचं आतलं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. जंतूंशी पहिली झटापट करणाऱ्या पांढऱ्या पेशीचं रक्तातलं आयुष्य जेमतेम दिवसभराचं. ही झीज भरून काढायला हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार करते. सेकंदाला वीस लाखांहून जास्त.

हा माल ज्या पेशींच्या जिवावर निघतो ती खोडं म्हणजे स्टेम सेल. मराठीत मूलपेशी म्हणतात, पुढे तोच शब्द वापरू. मूलपेशीची ओळख दोन गुणांवरून पटते: ती दुभंगून स्वतःसारखी दुसरी पेशी ठेवू शकते, आणि कामाची पेशीही देऊ शकते. हे प्रयोगाने दाखवलं कॅनडात, टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या दोघांनी. १९६१ साली त्यांनी किरणोत्सर्गाने मज्जा मारलेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या, तेव्हा उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठल्या. अशी एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली आहे हे पुढे दोन वर्षांत सिद्ध झालं.

एक गोष्ट मात्र उलटी वाटेल. एवढा माल निघत असला तरी रक्ताची मूलपेशी स्वतः फारच क्वचित दुभंगते, काही महिन्यांतून एखाद्या वेळी. बाकीची सगळी पैदास मधल्या फळीतल्या पेशी करतात. खोड जपायचं असेल तर त्याला राबवायचं नाही, कारण दुभंगताना डीएनएची नक्कल करावी लागते आणि नक्कल म्हटली की चूक आली. इतकं जपूनही रक्ताच्या एका मूलपेशीत वर्षाला साधारण १५-२० चुका साठतातच. बहुतेक निरुपद्रवी. सगळ्या नव्हेत.

(केमोथेरपीत केस गळतात, तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी घसरतात ते का, याचं उत्तरही इथेच आहे. औषध भराभर दुभंगणाऱ्या पेशी मारतं, आणि केसाचं मूळ, तोंडाचं अस्तर व मज्जा ही भराभर दुभंगणाऱ्यांची घरं.)

## मागावरचा शेवटचा वीतभर ताणा

पेशी किती वेळा दुभंगू शकते? विसाव्या शतकाचा अर्धा भाग शास्त्रज्ञ समजत होते की कितीही वेळा. न्यूयॉर्कमध्ये ॲलेक्सिस कॅरेलने १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या आणि तो प्रयोग १९४६ पर्यंत चालला. बहुधा दर वेळी घातल्या जाणाऱ्या खाद्यातूनच ताज्या पेशी आत येत असाव्यात, पण त्या काळी पेशी अमर असल्याचा तो पुरावाच मानला गेला.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ती समजूत मोडली. माणसाच्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा दुपटीने वाढतात आणि थांबतात. गंमत म्हणजे विसाव्या दुपटीनंतर गोठवून ठेवल्या आणि बऱ्याच काळाने बाहेर काढल्या, तरी त्या उरलेल्या तीसेक दुपटी करूनच थांबत. म्हणजे पेशी दिवस मोजत नव्हती, नकला मोजत होती.

कशावर मोजत होती? येवल्याच्या मागावर पैठणी विणताना पाहिलं असेल तर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, शेवटचा तुकडा आठवा. साडी पुढे सरकते, पण ताण्याचं अगदी शेवटचं टोक विणता येत नाही. तेवढं टोक न विणताच सोडावं लागतं. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचीही हीच अडचण: धाग्याच्या टोकाचा शेवटचा तुकडा तिला उतरवता येत नाही, म्हणून दर नकलेत धागा थोडा आखूड होतो. कामाचा मजकूर कापला जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना निरर्थक भरताड लावलेलं असतं. सहा अक्षरांचा एकच शब्द हजारो वेळा लिहिलेला. या भरताडाला टेलोमिअर म्हणतात. जन्माच्या वेळी ते साधारण दहा हजार अक्षरांच्या घरात असतं, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दर दुभंगाला त्यातली ५० ते २०० अक्षरं झडतात. फार आखूड झालं की पेशीला ते टोक नसून तुटलेला डीएनए वाटतो, आणि ती दुभंगणं बंद करते.

विणकर नवा ताणा जुन्याच्या टोकाला धाग्यागणिक सांधतो, तसं टोक वाढवणारं एक विकर (एन्झाइम) पेशीतही असतं. टेलोमरेज हे त्याचं नाव. १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि तिची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांना ते तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडलं. २००९ चं नोबेल त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. माणसाच्या बहुतेक पेशींत ते बंद असतं, मूलपेशींत थोडंफार चालू. थोडंफार, पुरेसं नव्हे.

## मग टेलोमिअर मोजून खरं वय कळेल का?

तशी तपासणी विकत मिळते. ती करून हाती फारसं लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत टेलोमिअरच्या लांबीत इतका फरक असतो की एका माणसाच्या एका आकड्यावरून काही ठरवता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराचं टेलोमिअर आपल्यापेक्षा कित्येक पट लांब, पण तो जगतो दोन-तीन वर्षं. नुसत्या भरताडावर आयुष्य ठरत असतं तर उंदराने आपल्या नातवंडांची लग्नं पाहिली असती.

‘मग टेलोमरेज चालू करून टाका ना’ असं कुणी म्हणेल. ते आधीच कुणीतरी करून बसलं आहे: कर्करोग. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांच्या पेशींत हे विकर चालू असतं. आखूड होत जाणारा धागा हा आपल्याला म्हातारं करणारा दोष आहे, तसाच बेफाम वाढणाऱ्या पेशीला लावलेला ब्रेकही आहे.

## चाळीतला सडका कांदा

दुभंगणं थांबवलेली पेशी मरते असं नाही. पुष्कळदा ती तिथेच ठाण मांडून बसते. शास्त्रीय भाषेत तिला सेनेसन्ट म्हणतात; आपण बसकी पेशी म्हणू. टेलोमिअर संपलं, डीएनएला मार बसला किंवा कर्करोगाकडे नेणारं जनुक चेकाळलं, की पी-५३ आणि पी-१६ नावाची प्रथिनं तिचं दुभंगणं कायमचं बंद करतात.

नुसती बसली असती तर एवढी तक्रार नव्हती. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरताना लासलगाव परिसरातला शेतकरी दुखावलेला, जोड, जाड मानेचा कांदा निवडून बाजूला काढतो, कारण आत एक सडला की पाणी सोडतो आणि त्या पाण्याने आजूबाजूचे दहा सडतात. बसक्या पेशीही पाणी सोडतात. दाह वाढवणारी रसायनं, शेजारच्या ऊतीची वीण कुरतडणारी विकरं, आणि शेजारणींनाही बसायला लावणारे संदेश. अमेरिकेतल्या ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने २००८ मध्ये या पाझराची सविस्तर नोंद केली. वय वाढतं तसं रोगप्रतिकार यंत्रणेचं निवडीचं काम ढिलं पडतं आणि चाळीत सडके कांदे वाढतात. टक्केवारीत ते थोडेच असतात. पण कांद्याच्या व्यापाऱ्याला विचारा, थोडे म्हणजे किती नुकसान.

२०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या शास्त्रज्ञांनी उंदरांत जनुकीय बदल करून पी-१६ वाल्या बसक्या पेशी निवडून मारायची सोय केली. लवकर म्हातारे होणाऱ्या जातीचे ते उंदीर होते. त्यांचे स्नायू, चरबी आणि डोळे जास्त काळ टिकले. मूलपेशींच्या दृष्टीने यात महत्त्वाचं काय, तर खोड कितीही चांगलं असलं तरी आजूबाजूला सडकं पाणी मुरलं की ते फुटत नाही.

## इतकं वाईट, तर शरीर बसक्या पेशी तयार करतंच कशाला?

कारण त्या कामाच्याही आहेत. जखम झाली की तिथे काही काळ बसक्या पेशी तयार होतात आणि त्यांच्याच पाझराने जखम लवकर भरते. उंदरांत त्या काढून टाकल्या तेव्हा जखमा भरायला उशीर झाला. गर्भात अवयव घडतानाही त्या दिसतात. कर्करोगाकडे निघालेली पेशी अशी बसवून टाकणं हा तर मोठाच फायदा. बिघाड होतो तो त्या वेळेवर हलत नाहीत म्हणून. पाहुणा चांगला असतो, मुक्काम लांबला की प्रश्न येतो.

म्हणून ‘सगळ्या बसक्या पेशी मारा’ हा नारा जरा जपून ऐकावा.

## खाली वाकून खोडं मोजली तर

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येऊ. जुन्या बागेत अधूनमधून वेली मरतात. शेजारच्या वेलीचे ओलांडे वाढत जाऊन मोकळी जागा झाकतात, आणि लांबून मांडव हिरवागारच दिसतो. खाली वाकून खोडं मोजली तरच कळतं की एवढा पसारा मोजक्या वेलींवर उभा आहे.

म्हाताऱ्या माणसाच्या रक्ताचं हेच होतं. प्रौढ माणसात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींची संख्या ५०,००० ते २,००,००० असावी असा अंदाज २०१८ मध्ये डीएनएतल्या चुका मोजून काढला गेला. तरुणपणी रक्त या हजारो खोडांमधून सारखं येतं. २०२२ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयांच्या लोकांच्या मूलपेशींची वंशावळच मांडली, तेव्हा दिसलं की सत्तरीच्या पुढे ३० ते ६० टक्के रक्त अवघ्या दहा-वीस घराण्यांतून येत असतं. हेंड्रिक्ये व्हान आंडेल-शिपर या डच बाईंचं टोक तर अगदी पलीकडचं. त्या २००५ मध्ये ११५ व्या वर्षी वारल्या, देहदान केलं होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी फक्त दोन मूलपेशींच्या वंशातल्या निघाल्या.

याचा अर्थ बाकीच्या मेल्या असाच नाही. उंदरांच्या मज्जेत तर वय वाढतं तशी मूलपेशींची संख्या चक्क वाढते, पण एकेकीची कामगिरी उतरते. शिवाय त्यांचा कल बदलतो. रोगप्रतिकाराची आठवण ठेवणाऱ्या पेशी कमी आणि दाह करणाऱ्या जास्त निघू लागतात. वयस्कर माणसांत लस जरा कमी लागू पडते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मांडव हिरवा आहे तर बिघडलं कुठे? जी मूलपेशी पसरते ती पुष्कळदा सद्गुणांमुळे नव्हे, एखाद्या चुकीमुळे पसरते. डीएनएमटी-३ए, टेट-२, एएसएक्सएल-१ या जनुकांत बदल झाला की त्या पेशीचा वंश इतरांपेक्षा जरा जोमाने वाढतो. सत्तरीपुढच्या दहा टक्क्यांहून जास्त लोकांत असा पसारा सापडतो. त्याला रक्तकर्करोग म्हणत नाहीत. वर्षाला शंभरातल्या साधारण अर्ध्या ते एका माणसात तो पुढे तिकडे झुकतो. पण अशा माणसांत हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं २०१७ मध्ये दिसून आलं, कारण या वंशातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांत जास्त आग लावतात. रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीत हे काही दिसत नाही. रिपोर्टात सगळे आकडे ‘नॉर्मल’, मांडव हिरवा. एएसएक्सएल-१ चा पसारा तंबाखू ओढणाऱ्यांत जास्त आढळतो, एवढं त्यातलं आपल्या हातातलं.

## डोळा मेला की झोपला?

ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदार काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात. डोळा जिवंत असतो, पण झोपलेला. पेस्टिंगने सगळे एकदम फुटतात. न फुटलेला डोळा मेलेला समजून कुणी वेल उपटत नाही.

स्नायूंच्या मूलपेशींची गोष्ट अशीच आहे. त्या स्नायूतंतूच्या पापुद्र्याखाली चिकटून झोपलेल्या असतात. १९६१ मध्येच ॲलेक्झांडर मावरो यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, दुभंगतात आणि दुरुस्ती करतात. म्हातारपणी ही दुरुस्ती रखडते. पेशी कमी झाल्या म्हणून? काही प्रमाणात हो. पण २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हातारा आणि तरुण उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं, तेव्हा म्हाताऱ्याच्या स्नायूतल्या त्याच जुन्या मूलपेशी जाग्या झाल्या आणि कामाला लागल्या. खोड बदललं नव्हतं. पाणी बदललं होतं.

त्यावरून तरुणांचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, पैसे घेऊन चढवण्याचे धंदे अमेरिकेत निघाले. तिथल्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये लोकांना त्यापासून सावध केलं. पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या एका प्रयोगात तरुण रक्त न देता, म्हाताऱ्या उंदराचा अर्धा प्लाझ्मा काढून मिठाचं पाणी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन भरलं, तरी बराचसा तोच परिणाम मिळाला. म्हणजे तरुण रक्तात अमृत असण्यापेक्षा जुन्या रक्तात अडथळे जास्त, असा अर्थ निघतो.

पांढऱ्या केसांचंही तसंच. केसाला रंग देणाऱ्या पेशींच्या मूलपेशी केसाच्या मुळाशी एका फुगवट्यात राहतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना उंदरांत दिसलं की केस पुन्हा पुन्हा उगवताना या पेशी खाली-वर ये-जा करतात, आणि वय झालं की मध्येच अडकून पडतात. असतात, पण रंग देण्याच्या जागी पोचत नाहीत.

## कांदा आणि द्राक्षं खाऊन भागेल का?

हा प्रश्न नाशिकमध्ये हटकून येणार, आणि तो अगदीच वेडगळ नाही. बसक्या पेशी मारण्यासाठी माणसांत ज्या जोडीची चाचणी झाली त्यात एक डॅसॅटिनिब, म्हणजे रक्तकर्करोगाचं औषध, आणि दुसरं क्वेर्सेटिन. हे क्वेर्सेटिन लाल कांद्यात असतं, बाहेरच्या पाकळ्यांत जास्त.

आता हिशेब. फुफ्फुसं कडक होत जाणाऱ्या १४ रुग्णांवर २०१९ मध्ये जी छोटी चाचणी झाली तिच्यात रोजचा डोस होता १०० मिलिग्रॅम डॅसॅटिनिब आणि १,२५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, आठवड्यातले तीन दिवस, तीन आठवडे. शंभर ग्रॅम लाल कांद्यात क्वेर्सेटिन साधारण ३०-४० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला तीन-चार किलो कांदा, तोही कच्चा धरू. बरं, पोटात गेलेल्यातलं रक्तात पोचतं थोडंच, आणि जोडीतला दुसरा गडी कांद्यात नाही. तो औषधाच्या दुकानातून आणून स्वतःच घ्यावा असाही नाही: डॅसॅटिनिबने बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, घसरतात आणि फुफ्फुसाभोवती पाणी साठू शकतं.

द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल वाइनच्या बाजूने नेहमी पुढे केलं जातं. लिटरभर रेड वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. चाचण्यांतले डोस शेकडो मिलिग्रॅमचे. आणि अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेने निरोगी उंदरांना ते खाऊ घातलं तेव्हा त्यांचं आयुष्य वाढलं नाही. वाइन आवडत असेल तर आवडते म्हणावं, औषध म्हणू नये.

## घड्याळ उलटं फिरवता येतं का?

भांड्यात येतं. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशीत चार जनुकं घालून तिला गर्भातल्या मूलपेशीसारखं केलं. काडीचं पुन्हा बी केलं म्हणा ना. २०१२ चं नोबेल त्यासाठी. जिवंत प्राण्यात मात्र ही चार जनुकं सलग चालू ठेवली की पेशी आपलं काम विसरतात आणि गाठी होतात. २०१६ मध्ये लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांत ती आठवड्यातले २ दिवस चालू आणि ५ दिवस बंद ठेवली, तेव्हा गाठी न होता ते उंदीर जास्त जगले. माणसासाठी अजून हे औषध नाही.

## मग झोपलेले डोळे जागे करायला आपल्या हातात काय?

स्नायूपुरतं उत्तर ठोस आहे: वजन उचलणं. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करवून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज पाच फेऱ्या मारणं हृदयाला चांगलंच, पण चालण्याने स्नायूवर तेवढा ताण येत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. सुरुवात हात न टेकता खुर्चीवरून उठबस करण्यापासून करा, आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. वजन तेच ठेवून महिनोन्महिने करत राहणं ही नेहमीची चूक. ताण वाढला नाही तर डोळा फुटत नाही.

सोबत प्रथिनं. वयस्कर निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात ६-७, कपभर दुधात ७-८, एका अंड्यात ६. दोन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटीवर हा आकडा भरत नाही, हे कागदावर मांडून पाहिलं की लगेच दिसतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

## गुडघ्यात टोचलं तर?

गुडघ्याच्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून ती मुळात सावकाश भरते. टोचलेल्या मूलपेशी तिथे रुजून नवी कूर्चा विणतात हे चित्र लोभस आहे, पण त्यातल्या बहुतेक काही दिवस-आठवड्यांत नाहीशा होतात. जो काही उपयोग होतो तो त्यांनी सोडलेल्या संदेशांचा. २०२३ मध्ये अमेरिकेत ४७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही त्यापेक्षा सरस ठरली नाही.

भारतात गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी दात्याच्या मज्जेपासून कारखान्यात वाढवलेल्या एका उत्पादनाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे. म्हणून ‘सगळंच बेकायदा’ म्हणणं बरोबर नाही. पण त्या नावाखाली जे टोचलं जातं ते पुष्कळदा वेगळंच असतं. पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातले बिंबाणू घट्ट करून दिलेले. त्यात मूलपेशी नसतात. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिथल्या तिथे फिरवून टोचली, तर त्यातल्या दहा हजार पेशींमागे हव्या त्या प्रकारची एखादी मिळाली तरी पुष्कळ.

तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी विचारा: पेशी कुणाच्या, कुठून काढलेल्या? मान्यताप्राप्त उत्पादन असेल तर डबीवरचं लेबल आणि बॅच नंबर दाखवा. चाचणी चालू आहे म्हणत असतील तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नंबर द्या. ती नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. चाचणीही म्हणायचं आणि लाखाचं बिलही हातात द्यायचं, तर दोहोंपैकी एक खोटं आहे.

## आणि नाळेतलं रक्त?

नाळेतल्या रक्तात रक्ताच्या मूलपेशी असतात हे खरं, आणि दुसऱ्याच्या नाळेतल्या पेशींनी अनेक रुग्ण बरे झालेत हेही खरं. प्रश्न आहे स्वतःच्या बाळासाठी पैसे भरून साठवण्याचा. ते रक्त त्याच मुलाला पुढे लागण्याची शक्यता २,५०० मध्ये १ पासून २ लाखांत १ पर्यंत, असे अंदाज आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःसाठी अशा साठवणीला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. मुलाला थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार निघाला तर साठवलेल्या पेशींतही तेच सदोष जनुक असणार. ज्या खोडाला रोग आहे त्याचीच काडी लावून उपयोग काय? शिवाय एका नाळेतून मिळतं साधारण कपाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं रक्त. लहान मुलाला ते पुरू शकतं, मोठ्या माणसाला सहसा नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. घरात आधीचं मूल थॅलेसेमियासारख्या आजाराचं असेल आणि दुसरं बाळ येणार असेल, तर त्या बाळाची नाळ जपण्याला अर्थ आहे. सख्ख्या भावंडांचं जुळण्याची शक्यता चारात एक असते. पण हे बाळंतपणाच्या टेबलावर ठरवायचं काम नाही. सातव्या महिन्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि मुलावर उपचार करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांना एकत्र गाठून सांगावं लागतं, म्हणजे पिशवी, तापमान आणि नेण्याची व्यवस्था आधी लागते.